भिंतीवरचा उष्टा नान

कोकंदच्या बाजारामागे शराफत-ओपांची, म्हणजे शराफतताईंची, बेकरी. दहा बायका, दोन तंदूर, आणि नान असा की लग्नाच्या पंगतीत दस्तरख्वानावर तो नसला तर पाहुणे कुजबुजायचे. मग शहराबाहेर पावाचा कारखाना निघाला आणि ज्याच्या-त्याच्या फोनवर त्याची जाहिरात नाचू लागली. पिशवीतला पाव, त्याला चावणारी गोरीपान मुलगी, वर गाणं! “हा नान म्हणे! कापूस आहे नुसता,” ओपा फणकारायच्या. पण मंगल कार्यालयं एकेक करून कापसाकडे वळली.

तेव्हा सून पुढे झाली. दिलनवाझ तिचं नाव. घरात तिचा आवाज क्वचितच ऐकू यायचा, पण डोकं असं चालायचं की बघत राहावं. तिने बेकरीच्या नावाने इन्स्टाग्रामवर पेज काढलं. गाणं नाही, गोरी मुलगी नाही. फोन तंदुराच्या तोंडाशी धरायची, बस्स. कणीक भिंतीला थापल्याचा आवाज, नानावर नक्षी उठवणाऱ्या खिळ्यांच्या शिक्क्याची टकटक, आणि वाफाळता नान बाहेर येताना बायकांची आपसातली चेष्टामस्करी. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. महिन्याभरात ताश्कंदच्या शेअर टॅक्सीवाल्यांच्या डिकीत यांचे नान जायला लागले.

“जादूगार आहेस गं,” ओपा म्हणायच्या, आणि अगदी मनापासून म्हणायच्या.

पण ओपांच्या जिवाला खरी रुखरुख धंद्याची नव्हतीच. तंदुराच्या वरच्या भिंतीत एक खिळा होता आणि त्याला टांगलेला एक नान, एका बाजूने चावलेला. सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा, दिलनवाझचा नवरा इल्होम, कोरियाला निघाला तेव्हा उंबऱ्यात उभं राहून त्याने हा घास घेतला होता. उरलेला त्याने परत येऊन खायचा, ही तिकडची रीतच. तोवर कुणी हात लावायचा नाही. इल्होमचे पैसे यायचे, फोन यायचे, आणि दर वर्षी तेच वाक्य यायचं: “ओयी, पुढच्या वसंतात नक्की.” आई बिचारी “बरं बेटा” म्हणायची. आणि दिलनवाझ? तिकडे सून नवऱ्याचं नावसुद्धा घेत नाही. सासूसमोर ‘कधी येणार’ विचारणं म्हणजे तर शरमेची परिसीमा. ती कणीक मळायची.

एके सकाळी चित्रण चालू असताना तिचा हात जरा हलला. फोन वर गेला, भिंतीवर थांबला, खाली आला. झालं. नान कुणी बघितलेच नाहीत, जो तो एकच विचारत सुटला: तो उष्टा नान कुणाचा?

दिलनवाझने खाली लिहिलं, “ज्याचा आहे त्याला माहीत आहे.”

ओपांना हे संध्याकाळी कळलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. “अगं, जगाची नजर लावलीस माझ्या पोराला! काढून टाक आधी!” त्यांनी नजर उतरवायला इसिरिकच्या पाल्याची धुरी पेटवली आणि सगळ्या बेकरीत फिरवली. बायका खोकून बेजार झाल्या.

“काढते, ओयी,” दिलनवाझ हळूच म्हणाली. “पण आधी हे बघा तरी.”

फोनवर भिंतीच भिंती होत्या. नमंगानची, बुखाऱ्याची, कुठल्याशा खेड्यातली मातीची. प्रत्येक भिंतीला खिळा, प्रत्येक खिळ्याला चावलेला नान. खाली आयांनी लिहिलेलं: माझा मॉस्कोला आहे. माझा इस्तंबूलला. माझी मुलगी आहे, तिने एवढासाच घास घेतला होता. ओपा चष्मा पुसत राहिल्या. धुरीचं भांडं हातातच विझून गेलं.

आणि त्या आयाबायांचे टोमणे तर असे! “अरे बाबा, ये की घरी, नान दगड झाला!” “दात शाबूत आहेत तोवर ये!”

तिसऱ्या दिवशी इल्होमचा फोन आला. चांगलाच तापला होता. “ओयी, हे काय चालवलंय? इथे कँटीनमध्ये पोरं मला ‘उष्टा नान’ म्हणून हाका मारतात! तो व्हिडिओ काढून टाका.”

ओपा फोन कानाशी धरूनच भिंतीवरच्या नानाकडे बघत राहिल्या.

“ओयी,” त्याचा आवाज एकदम लहान झाला. “तो अजून तिथेच आहे?”

“मग कुठे जाणार?”

फोन ठेवून ओपांनी सुनेकडे पाहिलं. ती मान खाली घालून मळत होती, पण कान लाल झाले होते. आजवर कितीतरी सकाळी तिने फोन धरला होता, कधी हात हलला नव्हता. सहा वर्षं जी गोष्ट तोंडातून काढायची चोरी होती, ती या पोरीने अर्ध्या देशाकडून वदवून घेतली होती! ओपांना तिचं इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “उद्या फोन जरा जवळ धर. दातांची खूण नीट दिसली पाहिजे.”

इल्होम वसंताची वाट न बघता आला. पेजवर हजारो लोक त्याची वाट बघत होते, पण त्या दिवशी दिलनवाझने फोन कपाटात ठेवून दिला. त्याने तो नान चहात बुडवून बुडवून खाल्ला, “दात पाडणार तुम्ही माझे” म्हणत शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. दिलनवाझ चहा ओतत राहिली. पेला भरून वाहिला तरी तिला कळलं नाही.

सकाळी पेजवर एकच फोटो गेला, ओपांच्याच सांगण्यावरून. रिकामा खिळा. शब्द एकही नाही.

खाली पहिली ओळ आली मर्गिलानच्या एका बाईची: “ओपा, एक नान पाठवा. माझा धाकटा सोमवारी निघतोय.”

ओपांनी तो स्वतःच्या हाताने थापला, स्वतः शिक्का मारला, गरम असतानाच कापडात बांधला. मग सुनेला म्हणाल्या, “तिला लिही, घास लहान घ्यायला सांग. परत यायला जास्त उरलं पाहिजे.”