पेटीतली विनीता

चारुदत्त देवस्थळी रेल्वेच्या भांडार विभागातून निवृत्त झाले आणि हिंदी मुलखातल्या तेलीबागच्या घरात चार महिन्यांत राक्षस मारायला लागले. मुलगी अनघाने लॅपटॉपवर जुन्या धाटणीचा एक खेळ टाकून दिला होता. ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, तलवारी, जादू; आणि लढाईत सगळे आपापली पाळी येईपर्यंत गुमान उभे. ही शिस्त देवस्थळींना फार भावली. ऑफिसात एवढी कधी पाहिली नव्हती.

रविवारी दुपारी अनघा मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर दोन वीर चालले होते आणि त्यांच्यामागून एक शवपेटी फरफटत येत होती.

"बाबा, ये डिब्बे में कौन है?"

"कोणी नाही गं. वैद्यीण आहे. मेलीये जरा."

अनघाने वाकून नाव वाचलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आई, जल्दी आ! बाबांनी तुला पेटीत टाकलंय!"

विनीताबाई पिठाचे हात घेऊन आल्या. देवस्थळींनी वैद्यिणीला दिलेलं नाव त्यांचंच होतं.

"कधी गेले मी?"

"दलदलीत," देवस्थळी पुटपुटले. "गेल्या मंगळवारी."

"संजीवनी नहीं है क्या?" म्हणत अनघाने पिशवी उघडली. संजीवनीची पानं अकरा होती.

"अकरा आहेत की हो!" विनीताबाई म्हणाल्या.

"अडीअडचणीला ठेवलीत."

"मी मेले ही अडचण नव्हती?"

भांडारात छत्तीस वर्षं माल राखलेल्या माणसाने पिशवी पुन्हा मिटली. एवढ्यात अनघाने लढायांची नोंद उघडली. दुसऱ्या वीराला सहा वेळा जिवंत केलं होतं, दर वेळी मेल्या मेल्या लगेच. त्याचं नाव जगदीश.

"जगदीश? तुमचे मोठे साहेब?" विनीताबाईंनी विचारलं.

"पुढे 'साहेब' मावेना," देवस्थळी म्हणाले. त्यांचे कान तापले. या साहेबांनी त्यांची बढती दोनदा अडवली होती. ती हकिकत विनीताबाईंना पाठ होती. दोन्ही वेळा आठवडाभर त्यांनीच ऐकून घेतली होती.

"यार बाबा!" म्हणून अनघा कपाळाला हात लावून पाणी प्यायला गेली.

देवस्थळींनी घाईघाईने एक पान वापरलं. पेटी उघडली, विनीता उठून उभी राहिली. तिचा दर्जा अजून तिसराच. बाकी दोघे लढून लढून एकोणिसाव्यावर पोहोचलेले.

"आता मी काय करायचं?"

"तू... जखमा भरायच्या."

"कोणाच्या?"

सगळ्यात जास्त जखमी जगदीश होता, ते पडद्यावर दिसतच होतं. देवस्थळींनी मान खाली घातली आणि पथक सरायीत नेलं. तिथे सोबत्याला निरोप देता येतो. त्यांनी जगदीश निवडला. पाटी आली: 'नक्की निरोप द्यायचा?' बोट 'हो'वर नेलं आणि तिथेच राहिलं.

"उद्या करू या का? आज रविवार आहे."

विनीताबाईंनी पिठाळ बोटाने बटण दाबलं.

जगदीश वळला, कमरेत लवला आणि सरायीच्या दाराकडे चालू लागला.

तेव्हा विनीताबाईंना दिसलं, आणि त्यांच्यानंतर देवस्थळींनाही कळलं, की साहेब बाहेर पडताहेत म्हणून ते स्वतः खुर्चीतून अर्धे उठले आहेत.