खड्यातला विंचू

मारुतीच्या देवळापासून पिठाच्या चक्कीपर्यंत रांग लागली होती. राळेगावकडच्या या गावात मतदानालाही एवढी गर्दी झाली नसेल. सगळ्यांना एकच गोष्ट बघायची होती. विंचूमहाराजांच्या हातातला मधाच्या रंगाचा खडा, आणि त्याच्या पोटात नांगी उगारून बसलेला अख्खा विंचू.

“हा तृणमणी हाये, तृणमणी!” महाराज धुनीत ऊद टाकत गरजले. “त्रेतायुगातल्या झाडाचे अश्रू! त्यात हा विंचूराजा समाधी लावून बसला. जगातले समदे विंचू याचे लेकरं. बापानं हाक मारली, का लेकराचं इख माघारी!”

त्रेतायुगातल्या विंचवाला वऱ्हाडी बोली कशी समजते, हे कोणी विचारलं नाही. लोक हात जोडून खडा बुडवलेलं पाणी पीत होते.

रांगेबाहेर उभ्या बळीरामच्या अंगाचा मात्र तिळपापड होत होता. उभी हयात गावातला विंचू त्यानं उतरवला होता. कडुलिंबाची डहाळी फिरवायची, मंत्र पुटपुटायचा. पैसा घ्यायचा नाही, पण मान पुरेपूर घ्यायचा. कापसाची वेचणी सुरू होण्याआधी शेतात सीतादहीची पूजा होते. तेव्हा प्रत्येक मालक आधी बळीरामला बोलवायचा. वेचणाऱ्या बायांना विंचू चावू नये म्हणून तो धुरा, म्हणजे शेताचा बांध, मंत्रानं बांधायचा, मगच बाया कापसाला हात लावायच्या. यंदा धुरे महाराजांनी बांधले. बळीरामला कोणी बसायला पोतंही टाकलं नाही.

शेवटी तो शाळेच्या आत्राम गुरुजींकडे गेला. एरवी मंत्रावरून त्यांच्याशी त्याचं वाकडं होतं.

“गुरुजी, थो खडा खोटा हाये ना? तुम्ही फक्त हो म्हना.”

गुरुजी हसले. “तृणमणी खरा असतो, बुवा. कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडांतून राळ गळाली. मुंगी, माशी, कोळी, जे सापडलं ते चिकटलं. वरून आणखी राळ आली, सगळं जमिनीत गाडलं गेलं आणि कडक झालं. त्यातली मुंगी आजही दिसते. पण ती सुटायला धडपडलेली असते. पाय वाकडे, पंख चुरगळलेले. विंचू तर त्यात फारच क्वचित मिळतो. महाराजांचा विंचू बघा, फोटो काढायला बसल्यासारखा मधोमध! आपल्याच शेतातला लाल विंचू आहे तो. साच्यात ठेवला, वर पातळ प्लास्टिक ओतलं. जत्रेत असल्या किल्ल्या अडकवायच्या साखळ्या मिळतात.”

“मंग वळखाचं कसं?”

“जाळून. तृणमणी जळताना राळेचा, धुपासारखा वास येतो. प्लास्टिकचा वास तुम्हाला ठाऊक आहेच.”

बळीरामचा चेहरा उजळला. गुरुजी पुढे म्हणाले, “आणि लोकांना गुण येतो, कारण बहुतेक वेळा विंचवाचं दुखणं काही तासांनी आपोआप उतरतं. खड्यानं नाही. मंत्रानंही नाही.”

बळीराम तडक उठला. अर्धंच पटलं होतं त्याला.

दोन दिवसांनी दुपारी त्याची नात समीक्षा हिला कापसाच्या पऱ्हाटीत विंचू चावला आणि ती किंचाळली. बळीराम डहाळी तोडायला वळला, तोवर त्याची सून रंजना पोरीला उचलून देवळाकडे पळत सुटली होती. घरात विंचू उतरवणारा सासरा असताना! तिच्या मागे धावताना त्याच्या मनात आलं, येऊच नये गुण महाराजाच्या खड्यानं. आपल्याच नातीबद्दल आपण हे म्हणतोय, हे त्याला कळलंसुद्धा नाही.

देवळात महाराजांनी खडा पोरीच्या पायाला लावला. “बेटा राजा, खेच!”

पोर भडाभडा ओकली. अंगातून घामाच्या धारा, आणि हातपाय थंडगार. असं लेकरू बळीरामनं आधीही पाहिलं होतं, आपल्या डहाळीखाली. ते वाचलं नव्हतं.

“दवाखान्यात न्या तिला!” शाळेतून धावत आलेले गुरुजी ओरडले.

“खबरदार!” महाराज कडाडले. “पोरीले हलवलं तर विंचूराजा कोपन!”

पोरीला उचलायला पुढे केलेला रंजनाचा हात थबकला.

बळीरामनं झडप घालून खडा हिसकावला आणि धुनीत फेकला. सत्यासाठी वगैरे नाही, आठवडाभराच्या जळफळाटानं. खडा फुगला, वितळला, काळा धूर निघाला. जुनी चप्पल जाळल्यासारखा वास देवळात भरला आणि लोक नाकाला पदर लावून मागे सरले.

“थुत्! हे तं पिलास्टिक हाये!” कोणीतरी म्हणालं.

महाराज झोळी आवरू लागले. मग सगळे एकदम बळीरामकडे वळले. “बळीरामबुवा, आता तुम्हीच उतरवा! तुमच्याबिगर कोनी नाही!”

ज्या मानासाठी तो रात्रंदिवस जळत होता, तो गावानं त्याच्या पुढ्यात आणून ठेवला. कोणी धावत जाऊन कडुलिंबाची डहाळीही आणली. बळीरामनं नातीचा थंड पाय हातात धरला.

“माह्यानं नाही होत,” तो म्हणाला. “कवाच होत नव्हतं. युनूस, आटो काढ!”

ऑटोवाल्या युनूसनं राळेगावच्या सरकारी दवाखान्यापर्यंत ब्रेकला पाय लावला नाही. डॉक्टरांनी गोळी दिली, सलाइन लावलं, रात्रभर नजर ठेवली. सकाळी पोरीचे हातपाय गरम झाले, तिनं पाणी मागितलं.

“मामाजी,” रंजनानं हळूच विचारलं, “तुम्ही मंत्र कायले नाही म्हटला?”

“म्हटला असता, आन पोर गेली असती, तं म्या म्हटलं असतं, आनाले उशीर झाला. आतापावतर असंच म्हनत आलो.”

वाचकहो, खोटा खडा ओळखणं सोपं आहे, आगीत टाकला की झालं. पण कोणी म्हणालं, माझ्या मंत्रानं अमक्याला गुण आला, तर त्याला एवढंच विचारा: ज्यांना आला नाही, त्यांचं काय झालं? आणि उत्तराची वाट बघत तिथं थांबू नका. दवाखाना गाठा.