एकशे एक घोडे आणि पिंकीचं रुखवत

"घाई नाही, माय, घाई नाही. तिले आधी श्वास घेऊ दे, मंग माग. क्लच असा सोड, जशी लेक माहेर सोडते. मन मागं, पाय पुढं."

महादेवमामांचा हा आवाज दामिनीनं ऐकला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. खाप्याच्या नदीकाठची पांदण, दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं, आणि मामांच्या डिझेल पिकअपचं स्टिअरिंग तिच्या हातात. जात्यावर बसलेली बाई जात्याशी बोलते तसे मामा गाडीशी बोलायचे. गाडी ऐकायचीही. मागच्या हौद्यात भरलेलं पाण्याचं पिंप होतं, त्यातलं पाणी काठाशी यायचं, पण बाहेर डोकावायचं नाही.

त्याला सतरा वर्षं झाली. दामिनीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, आणि आता ती भावाच्या, जितेंद्रच्या, नागपूरजवळच्या वाडीतल्या गॅरेजात कॉम्प्युटरसमोर बसायची. गॅरेजात एक यंत्र होतं. त्याचं नाव डायनो, पण सगळे त्याला रोलर म्हणत. गाडी त्यावर चढवायची, चार पट्ट्यांनी आवळायची, नाकासमोर उंच पंखा लावायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा. चाकं रोलरवर गरगर फिरत, गाडी इंचभरही हलत नसे, आणि शेवटी इंजिनाची ताकद घोड्यांत, म्हणजे हॉर्सपॉवरमध्ये, सांगणारा कागद बाहेर येई. मग लोक टाळ्या वाजवत. बाहेर अमरावती रोडवर रोज शेकडो ट्रक असेच जागच्या जागी उभे राहून इंजिन तापवत. त्यांच्यासाठी मात्र कोणी कधी टाळी वाजवली नाही.

यंत्राला एक दयाळू खोड होती. ते हवेचं तापमान विचारायचं. गरम हवेत इंजिनाचा दम कमी पडतो, म्हणून तापमान जितकं जास्त सांगावं तितके थोडे घोडे ते पदरचे घालायचं. जितेंद्रनं तिथं बारा महिने सत्तेचाळीस डिग्री ठेवायला सांगितलं होतं. डिसेंबरात स्वेटर घालून, गार बोटांनी, दामिनी सत्तेचाळीस लिहायची. नागपूरच्या उन्हानं ज्याचं भलं झालं असा जितेंद्र बहुधा पहिलाच माणूस.

तिला हे पटायचं असं नाही. पण बाकीच्या गॅरेजांनी तिचा डिप्लोमा उलटून पाहून "रिसेप्शनला बसशील का?" असं विचारलं होतं. यंत्रासमोरची खुर्ची जितेंद्रनंच दिली होती.

गॅरेजची शान म्हणजे जितेंद्रच्या मित्राचा, गौरांगचा, ट्रक. गौरांगचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, आणि तो स्वतः फुगीर टायरांच्या, कपाळावर आठ दिवे लावलेल्या मोठ्या डिझेल पिकअपचा मालक. रोलरवर त्याचे एकशे ब्याण्णव घोडे भरले होते, सत्तेचाळीस डिग्रीच्या कृपेनं दोनशे एक झाले. दोनशे एक. आहेराच्या पाकिटावर शोभावा असा शुभ आकडा. त्यानं तो कागद फ्रेम करून घेतला आणि एक प्रत गॅरेजच्या भिंतीवर लावली, देवाच्या फोटोच्या जरा वर. त्या ट्रकच्या हौद्यानं आजवर उचललेलं सगळ्यांत जड ओझं म्हणजे गौरांगचा प्रोटीन पावडरचा डबा.

एका रविवारी महादेवमामा आपल्या लेकीच्या, पिंकीच्या, लग्नाची पत्रिका घेऊन वाडीच्या गॅरेजात आले. लग्न लकडगंजच्या एका सभागृहात, पंधरा दिवसांवर. चहा आला आणि गौरांगनं अंगणातल्या मामांच्या गाडीकडे पाहिलं.

"काका, तुमच्या गाडीची पॉवर किती?"

"संत्र्याचे पन्नास क्रेट अन् दोन माणसं."

"तसं नाही हो. हॉर्सपॉवर."

"ते नाही माहीत गा. दुसऱ्या गेअरात मानकापूरचा चौक निघते, ब्रेकरवरून फळ दबत नाही. क्लच सहा वर्षांपासून एकच आहे."

"मोजलंच नाही तर कळणार कसं?"

"अन् बांधून मोजलं म्हणजे कळते?" मामांनी बशीतला चहा फुंकला. "बैल खुंट्याले बांधून त्याची चाल कोण पाह्यते?"

"मामा, जमाना डेटाचा आहे," जितेंद्र म्हणाला.

"असंल. मले फक्त एवढं सांग, हे दोनशे एक घोडे सकाळी दहा वाजता सीताबर्डीत काय करतात?"

"उभे राहतात," दामिनीच्या तोंडून निघालं. जितेंद्रनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं लगेच स्क्रीनकडे पाहिलं.

गौरांगला राग आला नाही. आकडा जवळ असलेल्या माणसाला सहसा येत नाही. रस्त्यावरची चाल ही मनाची समजूत असते, वक्र मात्र खोटं बोलत नाही, असं त्यानं कागदावरच्या रेघेवर बोट ठेवून समजावलं. अर्धा तास वाद चालला. शेवटी जितेंद्रनं आपला हुकमी पत्ता टाकला. पिंकीच्या लग्नाची भेट म्हणून तो मामांच्या गाडीला इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो लावून देणार होता. फुकट. रुखवत घेऊन गाडी लकडगंजात शिरली की वरपक्ष पाहत राहील.

मामांना भाच्याचा शब्द मोडवेना. ते दामिनीकडे वळले.

"तू सांग वं. तू शिकलेली आहे. तुझा कागद काय म्हणते?"

असा टर्बो कमी फेऱ्यांवरचा जोर खातो, हे दामिनीला ठाऊक होतं. गौरांगच्या वक्राचा खालचा भाग तिनं पाहिला होता. तिनं भावाकडे पाहिलं, मग आपल्या खुर्चीकडे.

"चांगलंच म्हणते, मामा."

"तू म्हणते तर झालं."

तीन दिवसांनी मामांची गाडी पट्ट्यांत आवळली गेली. मूळचे पंचाहत्तर घोडे सत्त्याण्णव झाले, आणि सत्तेचाळीस डिग्रीनं हात लावताच एकशे एक. कागदावर उजवीकडे छान डोंगर उठला होता. डावीकडे, इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली, जिथं शहरातली गाडी दिवसभर जगते, तिथं खड्डा होता. आधी होता तेवढाही जोर तिथं उरला नव्हता.

"दादा, हे खालचं?"

"काप. रेघ बावीसशेपासून दाखव. लोक डोंगर पाहायले येतात, खड्डा काहून दाखवते?"

तिनं कापलं. दोन क्लिकचं काम होतं.

लग्नाच्या आदल्या रात्रीच जितेंद्रनं गाडी खाप्याला आणून सोडली, आणि सकाळी रुखवत निघालं. जिजामामींनी दोन महिने खपून ते रचलं होतं: पापडांचा सात मजली मनोरा, शेवयांची झोपडी, लाडवांच्या चाकांची बैलगाडी, आणि साखरेचं तुळशीवृंदावन, पानन् पान कोरलेलं, जणू दवानंच बांधलेलं. मामी पुढे बसल्या, दामिनी मागे हौद्यात, वृंदावन दोन्ही हातांत धरून.

हमरस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी गेली. "विमान केलं गा जितेंद्रनं," मामी खिडकीतून म्हणाल्या, आणि दामिनीला क्षणभर वाटलं, कदाचित निभावेल.

मग मानकापूरचा सिग्नल आला. हिरवा झाला, मामांनी क्लच सोडला आणि काहीच झालं नाही. गाडी नुसती कण्हली. मागून हॉर्न वाजले. मामांनी जरा दाबलं. काही नाही. अजून जरा दाबलं, आणि एकशे एक घोडे, जे इतका वेळ कुठेतरी चहा पीत बसले होते, सगळे एकदम कामावर आले. पापडांचा मनोरा सहा मजली झाला.

पुढच्या सिग्नलला तो चार मजली झाला. बैलगाडीचं एक चाक घरंगळत दामिनीच्या पायाशी आलं. प्रत्येक वेळी मामा अधिक जपून, अधिक हळू पाय टेकवत, आणि जितकं जपत तितकी गाडी खड्ड्यात रुतत जाई. मागे बसून दामिनी इंजिनाचा आवाज मोजत होती. चौदाशे, सोळाशे, अठराशे. तिला कळायचं आता येणार, आणि यायचंच.

लकडगंजात सभागृहाच्या गल्लीत पुढे हातगाडी होती, मध्ये ब्रेकर. चालण्याच्या वेगानं तो चढायचा. गाडी एकदा बंद पडली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा काळा धूर ओकून तिनं उडीच मारली. साखरेचं वृंदावन दामिनीच्या हातांतून सुटलं आणि हौद्याच्या लोखंडावर पडून त्याचे तुकडे झाले. दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या वराकडच्या बायका पाहत राहिल्या. जितेंद्रनं तेवढं वचन मात्र पाळलं होतं. शेवयांची झोपडी शाबूत होती, फक्त काजळीनं अशी दिसत होती की आतली माणसं आगीतून नुकतीच निसटली असावीत.

जिजामामी उतरल्या. पदर खोचून साखरेचे तुकडे एकेक करून ताटात वेचू लागल्या.

जितेंद्र धावत आला. "मामा, सांगितलं होतं ना, पाय हलका ठेवा लागते. पॉवरची गाडी आहे."

"स्किल लागतं काका," गौरांग म्हणाला. तो स्कूटरवरून आला होता. ह्या गल्ल्यांत त्याचा ट्रक जरा झटके देतो.

"वय झालं की रिफ्लेक्स कमी होतात," त्यानं समजुतीनं भर घातली. "तुमची चूक नाही म्हणा ती."

मामा आपल्या उजव्या पायाकडे पाहत होते. चाळीस वर्षं त्या पायानं घाटांतून, चिखलातून, बाळंतिणींना आणि संत्र्यांना सारख्याच हळुवारपणे आणलं होतं. त्यांनी चप्पल काढली आणि पाय जमिनीवर टेकवून दाबून पाहिला, जणू दुसऱ्याचाच असावा.

"असंल गा," ते म्हणाले. "बासष्ट झाले आता. पाय जड झाला, मलेच समजलं नाही." त्यांनी खिशातून किल्ली काढली. "घे जितेंद्र. परतीले तू चालव. लग्न झालं की गिऱ्हाईक पाह्य. मी नाही चालवत आता."

"बघू ना मामा, आराम करा तुम्ही," म्हणत जितेंद्रनं हात पुढे केला.

दामिनी हौद्यातून उतरली. तिच्या तळहातांना साखर चिकटली होती. ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"किल्ली नका देऊ, मामा."

"राहू दे वं. माझ्यानं नाही होत."

"दामिनी, तू आत जा," जितेंद्र म्हणाला.

ती गेली नाही. आवाज बारीक झाला, पण दारातल्या बायकांनाही ऐकू जावा इतका होता.

"मामा, तुमचा पाय चांगला आहे. गाडीत खालच्या फेऱ्यांवर आधीपेक्षाही कमी जोर आहे, कोणीही चालवली असती तर असंच झालं असतं. मले कागदावर दिसलं होतं. तो भाग मी माझ्या हातानं कापला. त्या रविवारी तुम्ही मले विचारलं, तवा मी तुमच्याशी खोटं बोलली."