सकाळपासून मुरवलेला मासा

मी रंगारी. बत्तीस वर्षं सुताच्या लड्या रंगाच्या टाकीत बुडवल्या, काठीने फिरवल्या, पिळल्या. ह्या धंद्यात घाई चालत नाही. लडी जितका वेळ टाकीत राहील तितका रंग पक्का. लवकर काढली की पहिल्याच धुण्यात पाणी लाल आणि गिऱ्हाईकही लाल. हे मी शिकलो आणि जगातली बाकीची कामंही ह्याच कायद्याने चालतात असं धरून बसलो. बायको म्हणायची, "अहो, अति तिथे माती." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

दोन महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण बोलायला गेली की 'त... त' एवढंच बाहेर येतं. मग स्वतःवरच चिडून गप्प होते. गेल्या आठ दिवसांत तर तिने तोंडच मिटून घेतलं. सूप म्हणू नका, कुस्करलेला बटाटा म्हणू नका, चमचा ओठाशी नेला की मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, "गिळता येतंय त्यांना, पण खायची इच्छाच नाही. सोमवारी सकाळी मी येतो. तोवर पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यांच्या आवडीचं काहीतरी करून बघा. मऊ, बिनकाट्याचं."

तिच्या आवडीचं काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दर रविवारी ती बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवायची आणि जाळीवर पांढरा मासा भाजायची. माझं काम ताटली पुढे करण्याचं. ते मी चोख केलं.

रविवारी सकाळी मासेवाल्याकडे गेलो. त्याचं दुकान रविवारी दुपारपर्यंतच. त्याने काटे काढून दोन जाड तुकडे दिले आणि आपणहून सांगायला लागला.

"काकू काही फार घालायच्या नाहीत. लिंबू, लसूण, मिरी, मीठ, थोडं तेल. बस. पण काका, लिंबात फार वेळ..."

"मुरवणं मला शिकवतोस?" मी म्हटलं. "तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही."

तो बिचारा कागद गुंडाळायला लागला. ते आठवलं की अजून माझे कान तापतात. बायको अर्धी लुळी पडली, तरी माझा ताठा होता तिथेच होता.

नऊ वाजता मासा वाडग्यात घातला. तिची लिंबाची एक फोड असायची, मी तीन लिंबं पिळली. आजचा दिवस मोठा, तर लिंबूही मोठ्या मनाने. लसूण ठेचून चोळला, तेल, मीठ, मिरी लावली आणि वाडगा फ्रिजमध्ये ठेवला. तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातच होती, तिला सगळं दिसत होतं.

दर तासाला मी फ्रिज उघडायचो आणि टाकीतली लडी फिरवावी तसा मासा उलटापालटा करायचो. फ्रिज उघडला की ती डाव्या हाताने खुर्चीचा हात वाजवायला लागायची. टक, टक, टक. आठ दिवस मेलेल्या नजरेने भिंतीकडे बघणारी ही बाई आता हात आपटत होती. मला किती आनंद झाला, काय सांगू.

"हो गं, होतंय. दम धर," मी म्हणायचो. "अजून मुरू दे."

ती आणखी जोरात वाजवायची.

दुपारी मुलीचा फोन आला. ती दूर असते, रोज दोनदा फोन करते.

"बाबा, आईने काही खाल्लं?"

"सकाळपासून माशासाठी तगादा लावलाय तुझ्या आईने. लहान मूल परवडलं."

मुलगी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग म्हणाली, "मग आता द्या ना."

"छे, संध्याकाळी. कच्चं काम नको."

चारच्या सुमाराला मी पुन्हा वाडगा काढला, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी ते तिच्याच पदराने पुसलं, घोटभर पाणी पुढे केलं. तिने मान फिरवली. इतकी भूक लागलीय, असं मला वाटलं.

सहा वाजता शेगडी पेटवली आणि तिची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी आणली. वाडग्यातला मासा शिजल्यासारखा पांढराफटक झाला होता. मला ते चांगलंच लक्षण वाटलं. जाळीला तेल लावून दोन्ही तुकडे ठेवले. तोच वास आला, तिच्या रविवारचा. तिने डोळे मिटून घेतले.

मग मी पहिला तुकडा उलटायला चिमटा घातला आणि तो खडूसारखा फुटला. अर्धा जाळीतून निखाऱ्यात गेला. घाईघाईने दुसऱ्याला उलथनं लावलं, त्याचीही तीच गत. हात घातला, बोटं भाजली, हाताला काही आलं नाही. वर जाळीला चिकटून राहिले ते तीन चिमटीएवढे कण.

ते ताटलीत घेऊन मी तिच्यासमोर बसलो. तिने माझ्याकडे बघितलं, मग फ्रिजकडे बोट केलं आणि डाव्या हाताने हळूच खुर्चीचा हात वाजवला. टक, टक, टक. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवसभर ती मला मासा लिंबातून काढ म्हणून सांगत होती. जन्मभर बोलून सांगत होती तेव्हा मी ऐकलं नाही, आणि आता तिला सांगता येत नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे मी तिला पहिल्यांदाच म्हणत होतो. मला रडू आलं.

तिने तोंड उघडलं.

मी पहिला कण भरवला. आंबट असणार, तिचे डोळे बारीक झाले. पण तिने चावला आणि गिळला. पुन्हा तोंड उघडलं. दुसरा भरवला, मग तिसरा. माझी कीव येऊन खात होती की खरंच भूक जागी झाली होती, मला सांगता येणार नाही. तिसरा गिळून झाल्यावर तिने परत तोंड उघडलं.

ताटलीत काही नव्हतं. मी बटाट्याचा चमचा आणला, तिने ओठ मिटले. चमचा बाजूला केला, की पुन्हा उघडले.

"थांब हं, आणतो," मी म्हणालो आणि शेगडीपाशी गेलो. मासेवाल्याचं दुकान दुपारीच बंद झालं होतं. मी चिमट्याने राख उकरत उभा राहिलो. मागे खुर्चीचा हात वाजायला लागला. टक, टक, टक. ह्या वेळी ती काय मागतेय ते मला नीट कळत होतं.