पत्र्याखालचे चार काळे

राजनसरांची रक्तावर भारी श्रद्धा. त्यांचा वेदांग वर्गात पहिला आला, तर ती हुशारी घराण्यातली. घरी येणाऱ्या दोन शिकवणीच्या बाई म्हणजे नुसतं निमित्त. अबुधाबीपासून तासाभरावरच्या, मांसासाठी गुरं पोसणाऱ्या फार्मवर सर पैदास-तज्ज्ञ होते. पुण्यात मात्र ‘डेअरीत आहे’ असंच सांगून ठेवलेलं. धंद्यातल्या रक्ताचा विषय निघाला की ती श्रद्धा जरा पातळ व्हायची.

फार्मवर दोन गोठे. एकात ऑस्ट्रेलियाहून आणलेले काळे खोंड. डोक्यावर पंखे, अंगावर पाण्याचे फवारे. दुसरा नुसता पत्र्याचा. त्यात सोमालियाची वशिंडवाली गुरं आणि त्यांच्या दिमतीला माण तालुक्यातला केरू. काळ्यांच्या शंभर किलो वजनात अठ्ठावन्न किलो मांस भरायचं, वशिंडवाल्यांच्यात एकोणपन्नास. सरांनी निकाल देऊन टाकला: रक्तच हलकं. पत्र्याचा गोठा बंद, केरूचा व्हिसा खलास.

अहवालावर गुरांच्या नव्या डॉक्टर मृणालिनीची सही तेवढी राहिली होती. सात महिन्यांची लेक शेजारणीकडे ठेवून ती नुकतीच कामावर लागलेली. आकडे बघून तिला हसूच फुटलं. एकाला सावलीत पाट मांडायचा, दुसऱ्याला तापल्या तव्यावर बसवायचं, आणि वर म्हणायचं, याच्या अंगी लागत नाही!

“सर, चार काळे पत्र्याखाली ठेवू या का? मे ते जुलै. आणि चार वशिंडवाले पंख्याखाली.”

“अवश्य ठेवा, मॅडम. सोनं उकिरड्यावर टाकलं तरी सोनंच.”

“सोनं धापा टाकत नाही, सर.”

मालकाचा मॅनेजर जहूर समोरच बसला होता, मराठी त्याला कळायचं, त्यामुळे सरांना माघार घेता येईना.

मृणालिनीने केरूला बजावलं, “काका, पाहुण्यांचे लाड नकोत. आपल्या गुरांना जे, तेच त्यांना. त्यांचं मांस घटलं की तुमची नोकरी वाचली.”

केरूने मान हलवली. मान हलवायला काय जातं?

ती आठवड्यातून एकदा, सकाळी, वजनं टिपायला यायची. ऑगस्ट उजाडला, आठही जनावरं कापली गेली, आकडे आले. पंख्याखालचे वशिंडवाले चोपन्नवर चढले होते. पण पत्र्याखालचे काळे? सत्तावन्न!

सरांनी सत्तावन्नखाली तीन रेघा ओढल्या. चोपन्नकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “बघितलंत? याला म्हणतात रक्त!”

मृणालिनी तडक गोठ्यात गेली. कठड्यावर चार गोणपाटं वाळत घातलेली.

“काका, हे काय?”

केरू पायाकडे बघू लागला. “जीभ हातभर भाईर काढून बगायची माझ्याकडं. न्हाई सोसलं. ऊन चढलं की गोणपाट भिजवून पाठीवर टाकायचो, चार-पाच येळा.”

“आणि आपली साठ गुरं?”

“साठांना पानी कुठनं आणू? नळ त्या टोकाला. त्यांना ऊन ठावं हाय. हे चौघं नवखं, बाई.”

“अहो, तुमची नोकरी होती त्याच्यावर!”

“नोकरी माझी. त्यात जनावरानं काय गुन्हा केला?”

ती त्याच्यावर चिडली, आणि चिडता चिडता तिला रात्रंदिवस घामोळ्यांनी किरकिरणारी आपली लेक आठवली, तिच्या पाठीवर ठेवलेला ओला पंचा आठवला. ती केरूला घेऊनच ऑफिसात परतली. सरांसमोर जहूरही बसलेला.

“सर, तीन महिने या माणसाने तुमच्या चार काळ्यांना ओल्या गोणपाटाखाली जपलंय. ते रक्तात धरायचं का?”

सर उसळले. “फसवणूक आहे ही! प्रयोग बाद!”

“बाद. मग तुमचा पहिला निकालही बाद. तिथे तर पंखे होते.”

सर चष्मा पुसू लागले. जहूर मात्र केरूकडे बघत होता. “बोरी गीली करके सत्तावन? इस गर्मी में?”

“जी.”

“ये आदमी कहीं नहीं जाएगा. बाकी साठ के लिए कितने लोग चाहिए?”

“लेकिन जहूरभाई, शास्त्रीय दृष्टी से—” सरांनी तोंड घातलं.

“एक मिनट, राजनसाब. हाँ केरू, बोलो.”

केरूने बोटांवर काहीतरी मोजलं, मग मान हलवली. “आदमी नको, साहेब. नल पास में लाव.”

मृणालिनीने सही न केलेला अहवाल सरांच्या टेबलावर ठेवला आणि नळाची जागा दाखवायला निघालेल्या केरूमागून ती उन्हात बाहेर पडली.