अख्खं राहिलेलं टेबल

मी एक जुनं लाइट टेबल आहे. मित्रांनो, आधीच सांगतो, माझ्यावर कुणी जेवत नाही आणि अभ्यासही करत नाही. माझ्या पाठीत शेजारी शेजारी दोन दुधी काचा बसवल्या आहेत आणि त्यांच्या खाली ट्यूबलाइट आहेत. दिवा लावला की वर ठेवलेल्या कागदातून खालचा कागद दिसतो. खालच्या कागदावर अस्वलानं पाय उचललेला असला, तर वरच्या कागदावर तोच पाय किंचित पुढं काढायचा. असे कागदामागून कागद काढत गेलं की अस्वल चालायला लागतं. तुम्ही टीव्हीसमोर बसून ते कार्टून बघता आणि हसता. ते चालायला कुठं शिकलं, हे मात्र कुणी विचारत नाही. आज माझं डोकं तापलेलं आहे. बोलण्यात थोडा तिखटपणा आला तर समजून घ्या.

गोंदियात एका राइस मिलची जुनी शेड पाडली, तेव्हा तिथल्या सागवानी फळ्या विकायला निघाल्या. केवळराम मिस्त्रींनी त्या फळ्यांतून मला घडवलं. मी टेबलाच्या मानानं फारच लांबरुंद झालो. मला बघून लोक विचारायचे, यावर लग्नाची पंगत बसवायची आहे का? पण मला मुद्दाम तसं केलं होतं, कारण माझ्यावर एकाच वेळी दोघांना काम करायचं होतं.

ते दोघे म्हणजे शालीकभाऊ आणि निर्मलाबाई. शालीकभाऊ आमगावकडच्या धानशेती करणाऱ्या घरातले. झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवून रंगवून त्यांचा हात बसला होता. निर्मलाबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. पोरांनी वहीच्या कोपऱ्यात काढलेला माणूस पानं फडफडवली की पळतो, हे त्यांनी पाहिलं आणि त्या वेडानं शाळा सोडली. शालीकभाऊ डाव्या काचेवर बसत. उडी मारायच्या आधीचं अस्वल आणि उडी मारून झालेलं अस्वल, एवढंच ते काढत आणि कागद उजवीकडं सरकवत. मधली सगळी उडी निर्मलाबाई काढत. एकानं उडी सुरू करायची आणि संपवायची, दुसरीनं ती हवेत पेलायची, असा दोघांचा कारभार होता. भांडायचेही खूप.

"बाई, तुमचं अस्वल हवेतच लटकून राहिलं."

"मंग तुम्ही जमिनीवर आणा न लवकर! मी काय त्याले दोरी बांधू?"

असं भांडता भांडता त्यांनी बुंदीलाल नावाचं अस्वल जन्माला घातलं. बोरं खाणारं, घसरणारं, सगळ्यांच्या कामात नाक खुपसणारं. नंदलालजी म्हणून तांदळाचे व्यापारी होते. त्यांनी आपल्या गोदामाची मागची खोली या दोघांना दिली होती. त्यांना हे अस्वल भलतंच आवडलं. त्यांनी पैसा लावला. बुंदीलाल टीव्हीवर गेला, घराघरात पोचला, दप्तरांवर छापला गेला. आमची खोली मधे तशीच ठेवून गोदामाच्या जागी काचेची उंच इमारत उभी राहिली आणि तिच्यावर 'झंकार ॲनिमेशन' अशी पाटी लागली. मुंबईहून माणसं गोंदियाच्या स्टेशनवर उतरून ऑटोनं आमच्याकडं येऊ लागली. मी सगळं बघत होतो. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

या दोघांचा एक नियम होता. सीन चालू असताना टेबल हलवायचं नाही. माझ्यावर, माझ्या कडेनं, खाली पायांपाशी, सगळीकडं कागदांच्या चवडी रचलेल्या असत, आणि त्यांचा क्रम फक्त त्या दोघांनाच ठाऊक असे. मला वीतभर सरकवलं तरी निर्मलाबाई अंगावर धावून जात. झाडूवाल्यालाही माझ्या खाली शिरायची परवानगी नव्हती. आता गंमत बघा, कुठला ना कुठला सीन कायमच चालू असायचा. म्हणजे मला कधीच हलवायचं नाही, असाच त्या नियमाचा अर्थ झाला.

इमारत वाढली, तेव्हा नंदलालजींच्या मनात आलं की या दोन मोठ्या दिग्दर्शकांचा मान राखला पाहिजे. त्यांच्यासाठी काचेची केबिन बांधायची ठरली. दसऱ्याला पूजा होणार होती, त्याआधी काम उरकायचं होतं. माणसं मला उचलून बाजूला ठेवायला आली आणि निर्मलाबाई कडाडल्या, "हात लावू नका! सीन चालू आहे." मग काय, मला तिथंच ठेवून माझ्याभोवती केबिन बांधली. काचेच्या भिंती, वरून एसीचा पाइप, कडेनं कॉम्प्युटरच्या वायरी आणि एक अरुंद देखणं दार. दसऱ्याला मला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दारापेक्षा रुंद आहे, हे त्या गर्दीत एकाच्याही लक्षात आलं नाही. चित्रातल्या अस्वलाच्या उडीचं माप केसभर चुकलं तर ज्यांना झोप येत नाही, त्या दोघांच्याही नाही.

त्या थंडगार केबिनमध्ये दोघांचा जीव रमेना. त्यांना सारसांचा सिनेमा करायचा होता. धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी साठवलेल्या शेतात, सारसांची जोडी घरटं करते आणि ज्या कुटुंबाची ती शेती आहे ते घरट्याभोवतालचं धान कापतच नाही, एवढीच गोष्ट. नवेगाव बांधाकडं, परसवाड्याकडं भल्या सकाळी जाऊन दोघांनी सारस पाहिले होते. सारस मान कशी वाकवतो, जोडीदाराला हाक मारताना पंख कसे उचलतो, याची चित्रं माझ्यावर काढली. बुंदीलालची हजारो चित्रं मी अंगावर झेलली आहेत, पण सारसाची ती पहिली उडी माझ्या काचेवर उमटली तेव्हा मला वाटलं, आपण यासाठीच टेबल झालो.

नंदलालजी दरवेळी म्हणत, "करेंगे बाई, जरूर करेंगे. पहले बुंदीलाल का ये वाला सीजन हो जाने दो." मग दुसरा सीझन यायचा, मग तिसरा. दोघांना शाली मिळाल्या, श्रीफळं मिळाली, पगार वाढला, नवी खुर्ची आली. सारस तेवढा आला नाही. नंदलालजी माणूस वाईट नव्हते. आपण या दोघांना फुलासारखं जपतो आहोत, असं त्यांना मनापासून वाटायचं. मी काचेआडून बघत होतो आणि चरफडत होतो.

मग कारभार त्यांचा मुलगा वीरेंद्र बघू लागला. एके दिवशी तो केबिनमध्ये हसत हसत आला. म्हणाला, "अंकल, खुशखबर. सारस आपण घेऊन राहिलो. बुंदीलालचा दोस्त म्हणून. लंबी टांग, बात बात पे गिरता है. बच्चे लोटपोट हो जाएंगे."

निर्मलाबाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. शालीकभाऊ माझ्या कडेवर बोटं घासत बसले. त्यांना राग आला की ते असंच करायचे.

"पडते काऊन तो?" त्यांनी कारण विचारलं.

"मतलब?"

"सारस चिखलात उभा राहते, वादळात उभा राहते. तो काऊन पडन? कोणाले हसवाले?"

वीरेंद्र म्हणाला, "अंकल, कार्टून आहे."

त्याच आठवड्यात दोघांनी राजीनामे दिले. आयुष्य घातलेला एवढा मोठा स्टुडिओ सोडून या वयात कुणी जातं का, असं सगळे म्हणाले. रायपूरला काही जणांनी मिळून एक लहानसा स्टुडिओ काढला होता, त्यांनी बोलावलं होतं. पगार निम्मा होता, पण सारसांचा पूर्ण लांबीचा सिनेमा हाती मिळणार होता. नंदलालजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सारसांची सगळी चित्रं देऊन टाकली आणि वर म्हणाले, "आपका टेबल भी ले जाओ. वो आपका ही है."

मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस होता. मी निघालो होतो! माझ्यावर सारस उडणार होता!

मला न्यायला बिसराम मिस्त्री आले. त्यांनी मला मापलं, दार मापलं आणि कपाळावर हात मारला. मला आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं, तिरकं करून बघितलं. मी काही दारातून जाईना. काचेची भिंत काढू म्हटलं तर वीरेंद्रनं साफ नकार दिला. भिंतीतून सगळ्या इमारतीच्या वायरी गेल्या होत्या, काम बंद पडलं असतं.

बिसराम म्हणाले, "बाई, सोपं काम हाय. दोन काचांच्या मधात लाकडाची पट्टी हाय न, तेथून चिरतो. तिकडं रायपूरले येऊन जोडून देतो. चिरलं होतं म्हणून कोणाले समजणारही नाही."

शालीकभाऊ म्हणाले, "चिरा मंग."

बिसरामांनी करवत काढली. मी तयार होतो. मला भीती वाटली नाही, उलट घाई झाली होती. आणि निर्मलाबाईंनी माझ्यावर दोन्ही हात पसरले.

"नाही. मले नाही पाहवत. एवढी वर्षं याच्यावर हात ठेवून बसली मी. याचे दोन तुकडे करू?"

"बाई, जोडून देते म्हणतो न तो."

"जोडलेलं ते जोडलेलंच. राहू द्या. अख्खं तरी राहील."

शालीकभाऊंनी दोनदा समजावलं, मग बिसरामांना करवत परत ठेवायला सांगितली. बाईंनी पदरानं माझी काच पुसली, गाल टेकवला आणि रडल्या. मी मनात ओरडत होतो, बाई, रडू नका, चिरा मला! पण टेबलाला तोंड नसतं. ते दोघे फक्त चित्रं घेऊन निघून गेले आणि मी अख्खा राहिलो.

खरं सांगू? मला त्या दिवशी नंदलालजींचा राग आला नाही, या दोघांचा आला. नंदलालजींनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, शाली घातल्या आणि जे करायचं होतं ते करू दिलं नाही. त्यातून सुटायला त्यांनी सगळं तोडून टाकलं. आणि जाताना मला काय दिलं? तीच काचेची खोली आणि तेच जपणं. ज्याचा जाच स्वतःला इतकी वर्षं सोसवला नाही, तो आपण दुसऱ्याला देतो आहोत, हे त्यांच्यासारख्या शहाण्या माणसांनाही कळू नये?

आता माझ्याशेजारी एक पाटी आहे. 'बुंदीलालचा जन्म या टेबलावर झाला. कृपया हात लावू नये.' पाहुणे आले की माझ्यासोबत फोटो काढतात. पाहुणे नसले की माझ्यावर चहाचे कप, कुरिअरचे खोके आणि एसीचा रिमोट असतो. खालची एक ट्यूब केव्हाच गेली. ती बदलायची गरज कुणाला पडणार? स्टुडिओतली पोरं आता स्क्रीनवर चित्रं काढतात. छान काढतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

परवा निर्मलाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. चेतना नावाची त्यांची एक शिष्या अजून इथं काम करते. तिनं घाईघाईनं माझ्यावरचे कप खाली ठेवले, ओढणीनं काच पुसली आणि फोन माझ्यासमोर धरला.

"मॅडम, पहा तुमचं टेबल."

बाईंचा चेहरा फुलला. "अगं माय! जसंच्या तसं आहे गं! शालीकभाऊ, या, पहा. एक ओरखडा नाही. बरं झालं न, चिरू नाही दिलं?"

शालीकभाऊ फोनमध्ये डोकावले. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. त्यांच्या मागं एक नवं टेबल होतं, साध्या प्लायवुडचं. त्याचा दिवा लागलेला होता आणि त्याच्यावर सारस मान वर करून उभा होता. मी त्या छोट्याशा चौकटीत तो डोळे भरून पाहिला. तेवढ्यात चार्जिंग संपलं. चेतनानं कप उचलून परत माझ्यावर ठेवले.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगतो. तुमच्या घरात शिलाई मशीन असेल, सायकल असेल, पेटी असेल, तिच्यावर कापड घालून तिला जपू नका. तिला वापरा. डाग पडला तर पडू द्या, तुटली तर सांधा. माणसांनाही तसंच वागवा, त्यांना हार घालून कोपऱ्यात बसवू नका. आणि कुणाला वाचवायची वेळ आली, तर ते अख्खं राहील की नाही याची काळजी नंतर करा. त्याला कुठं जायचं आहे, ते आधी विचारा. मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर मी आपणहून करवतीखाली सरकलो असतो.