मधली दोन, वरची सात

एंटरचं बटण दाबलं आणि हिरामण थळे पडद्याकडे बघत राहिला. आपण स्वतःच्या हाताने स्वतःला घराबाहेर काढलं आहे आणि आतून कडी लावून घेतली आहे, हे त्याला तेव्हाच कळलं.

तसा तो घराबाहेरच होता म्हणा. घर रेवदंड्याला, आणि हिरामण सकाळच्या तरीच्या बोटीने रेवसहून करंज्याला उतरून उरणकडच्या एका गावात, बायकोच्या मैत्रिणीच्या, गोदूच्या, अंगणातल्या मांडवात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेला. मांडीवर लॅपटॉप. पायाशी भाड्याने आणलेला स्पीकर. समोर पाटावर गोदूची नात तेजस्वी हळदीची वाट बघत होती. अकराला हळद लागायची होती आणि पावणेअकरा वाजले होते.

हळदीआधी देवांना लग्नाचं बोलावणं करणारा धवला म्हणायचा असतो. धवलारीण एक ओळ म्हणते, बायका ती मागून म्हणतात, आणि गावदेवापासून खाडीपलीकडच्या देवापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन होईपर्यंत नवरीच्या अंगाला हळदीचं बोट लागत नाही. या मांडवात तो धवला म्हणायचा शब्द हिरामणच्या बायकोने, केसरने, दिला होता. दिला होता तोही पंचवीस वर्षांपूर्वी. तेजस्वी बाराव्या दिवसाची होती, तेव्हा तिला मांडीवर घेऊन केसर गोदूला म्हणाली होती, "हिच्या लग्नाला देव मीच बोलवीन. दुसरीना म्हनू द्यायचं नाय."

आणि त्या केसरचा आवाज तीन वर्षांपूर्वी गेला. घशाचं ऑपरेशन झालं, जिवावरचं गळ्यावर निभावलं. बोलता येत होतं, पण पाट्यावर वरवंटा फिरवावा तसं. त्या दिवसापासून केसर एकाही लग्नाला गेली नव्हती. "मुक्या तोंडानं मांडवात बसू? मी काय पावनी हाय?" असं म्हणून ती पत्रिका तांदळाच्या पिंपावर ठेवून द्यायची.

तिचा जुना आवाज मात्र शाबूत होता, आणि त्याचं श्रेय हिरामणला. या माणसाने चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या. साहेब आले, साहेब गेले, हिरामण शिडीवरच राहिला. निवृत्तीला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते दोन महिन्यांत बंद पडलं. आयुष्यभर त्याने दुसरं एकच काम नेटाने केलं. बायको मांडवात गायची तेव्हा तो मागे टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचा. लोक हसायचे. त्या सव्वीस कॅसेटी त्याने निवृत्तीनंतर शाळेने टाकून दिलेल्या एका कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. त्यावर लिनक्स नावाची फुकटची प्रणाली बसवली, ती शिकता शिकता दोनदा सगळं पुसलं, तिसऱ्यांदा जमलं. पिंपाशेजारी रात्रंदिवस घुमणाऱ्या त्या वस्तूला हिरामण सर्व्हर म्हणायचा. केसर डबा म्हणायची.

मध्यंतरी एका भाच्याने लाडीगोडी लावून त्यातला एक धवला मोबाईलवर नेला. महिन्याभरात तो कुणाच्या तरी हळदीत डीजेवर वाजला. खाली धाडधाड ढोल आणि वर केसर. रस्त्यावरून जाताना केसरने तो ऐकला, घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही. "माझं देव नाचवलं मेल्यांनी," एवढंच म्हणाली. तेव्हापासून घरात कायदा झाला, की डब्यातलं गाणं डब्याबाहेर ठेवायचं नाही. पेन ड्राइव्हवर नाही, फोनवर नाही, कुठेच नाही.

यंदा गोदू स्वतः पानसुपारी घेऊन आली आणि उंबऱ्यावरच बसली. "तुजा आवाज नाय तं डब्यातला आन. पन शब्द दिलास तो दिलास."

केसरने दोन दिवस विचार केला. मग हिरामणला म्हणाली, "गानं घरातूनच म्हनता यील कं? म्हंजी घरातच राह्यचं, आनि तिकडं ऐकू जायचं?"

हिरामणला या प्रश्नाने जो आनंद झाला, तो बढतीनेही झाला नसता. अर्थात बढती त्याला मिळालीच नव्हती. महिनाभर तो त्या डब्याला बाहेरून यायचं दार करत बसला. दार केलं की सगळं जग ते ठोठावतं, हे त्याने वाचलं होतं. म्हणून बाहेरून पासवर्ड चालणारच नाही अशी व्यवस्था केली. एक लांबलचक अक्षरांची चावी बनवली. तिचा एक भाग लॅपटॉपमध्ये, दुसरा डब्यात, आणि दोन्ही जुळले तरच दार उघडणार. सगळं जमल्यावर तो रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसला, कानात इअरफोन घातले आणि घरातल्या डब्यातून केसरचा तिशीतला आवाज वाजवला. समोर होड्या, वाळत घातलेले बोंबील, आणि कानात केसर. हिरामणला इतकं बरं वाटलं की येताना तो रिक्षा न करता चालत आला.

आणि आता हे.

झालं असं, की मांडवात लॅपटॉप उघडल्यावर दार व्यवस्थित उघडलं होतं. पण डब्याच्या नोंदवहीत त्याला दिसलं, सकाळपासून दोनशे बारा अनोळखी पत्त्यांवरून कुणी ना कुणी दार ठोठावून गेलं आहे. चावीशिवाय कुणी आत येणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी जीव राहवेना. केसरचं गाणं, आणि दोनशे बारा जण दाराशी! त्याने घाईघाईने डब्याच्या पहारेकऱ्याला, म्हणजे फायरवॉलला, आज्ञा सोडली, की फक्त घरातून येणाऱ्यालाच आत घे, आणि ती नीट लागू झाली का बघायला स्वतः बाहेर पडून पुन्हा आत जायला गेला. पहारेकरी आज्ञाधारक निघाला, त्याने हिरामणलाही आत घेतलं नाही.

त्याने फोन लावला. फोनचा स्पीकर चालू करून तो समोर ठेवला, कारण दोन्ही हात लॅपटॉपवर हवे होते.

"केसर, डब्यासमोर बस."

"कनाला? वाजला नाय?"

"मी दार लावून घेतलं. आतून. आता तुनाच उघडायला लागंल."

पलीकडे स्टूल सरकलं. मग तो पाट्यावरचा आवाज, "चौतीस वर्सं लोकांचे फोन लावले नं तुमी?"

"ते नंतर. समोर बटनं हायत, ती दाबायची."

"मना विंग्रजी येत नाय."

"मोजता येतं नं? अक्षरांच्या तीन ओळी हायत. वरची, मधली, खालची. डावीकडनं मोजायचं. मधल्या ओळीतलं दुसरं. मग वरच्यातलं सातवं. मग मधलं तिसरं, वरचं नववं. मग खाली लांब पट्टी हाय, ती एकदा."

"थांबू नका. सगलं एकदम सांगा."

"राहील लक्षात?"

"साडेतीनशे ओलींचा धवला राहतो," केसर म्हणाली, "तुमचं काय मोठं."

हिरामणने सगळं एका दमात सांगितलं. मांडवातल्या घड्याळात अकराला पाच कमी होते. गावची धवलारीण, भली बाई, गोदूजवळ वाकून म्हणाली, "मी म्हनू कं? मुहूर्त टलंल." गोदूने हात वर करून तिला थांबवलं.

फोनमधून पहिल्यांदा नुसतं पुटपुटणं आलं. केसर एक बोट धरून मोजत होती आणि चुकत होती. मग थांबली. हाताला मोजायची सवय नव्हती, पण गळ्याला होती. तिने श्वास घेतला आणि त्याच फाटक्या आवाजात, धवल्याच्या चालीवर सुरू केलं:

"मधली दोन गो, वरची सात…"

आता हे मांडवात कुणाला माहीत? बायकांना फक्त चाल कळली. तीन वर्षांनी केसर थळे फोनवरून धवला म्हणत होती, एवढंच त्यांना ऐकू आलं. पुढच्या रांगेतल्या दोघींनी सवयीने ओळ उचलली. मागच्यांनी त्यांच्यामागून.

"मधली दोन गो, वरची सात…"

"मधली तीन गो, वरची नऊ…"

"मधली तीन गो, वरची नऊ…"

साठ बायकांच्या तोंडून लिनक्सची आज्ञा मांडवाच्या छताला लागली. हिरामणने दोन्ही हातांनी डोकं धरलं. पाटावर बसलेली तेजस्वी पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारी, तिला दोन ओळींत उमगलं आणि ती मुंडावळ्या हलेपर्यंत हसली.

फोनमधला आवाज एकदम थांबला.

"कोन म्हनतंय तं?" केसरने विचारलं.

"मांडवातल्या बायका. तुज्या मागून."

केसरने अगदी हळू विचारलं, "पुढं म्हनू?"

"म्हन," हिरामण म्हणाला.

केसरने म्हटलं. लांब पट्टीलाही तिने चालीत बसवलं. शेवटी "मधली दोन गो, मधली दोन, मधली सहा" झालं, आणि हिरामणने सांगितलं ते उजवीकडचं मोठं बटण तिने दाबलं.

"काहीतरी विचारतंय."

"पासवर्ड." हिरामणने इकडेतिकडे पाहिलं. सगळा मांडव कान देऊन बसलेला. बाहेरून हा पासवर्ड कामाचा नव्हता, पण साठ माणसांत ओरडून कसा सांगायचा? तो फोनवर वाकला. "तुज्या माहेरी, कासमशेटच्या दुकानात फोन होता नं? लग्न ठरल्यावर मी करायचो तो. तो नंबर. दोनदा."

"दोनदा कनाला?"

"एकदा केला तं लागायचाच नाय."

तिकडून जो आवाज आला, तो हसण्याचा होता हे कळायला हिरामणला वेळ लागला. तीन वर्षांत त्याने तो ऐकला नव्हता. "उमटत नाय काय," ती म्हणाली. पासवर्ड पडद्यावर उमटतच नसतो, दाबत राहा, असं त्याने सांगितलं. नंबर विचारावा लागला नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे आकडे तिने एकेक करून दाबले.

हिरामणने लॅपटॉपवर पुन्हा चावी लावली. दार उघडलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी स्पीकरमधून केसरचा तिशीतला आवाज आला. भरलेला, ठाम, एकेका देवाला नावाने हाक मारणारा. बायका मागून म्हणू लागल्या, गोदू पदराने डोळे पुसू लागली, आणि तेजस्वीच्या गालाला हळद लागली. फोन कुणी बंद केला नव्हता. त्यातून खाली खाली, प्रत्येक ओळीबरोबर, पाट्यावरचा आवाजही चालला होता. गोदूने तो फोन उचलला आणि स्पीकरच्या वर, उंच धरला. धवला संपेपर्यंत तिचा हात खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरामण घरी पोचला. पिशवीत नारळ होता, हळदकुंकू होतं आणि धवलारणीच्या मानाची साडी होती, हिरवी, जरीच्या काठाची. केसरने ती हातात घेतली नाही.

"मी कुठं म्हनलंय? डब्यानं म्हनलं."

"मग डब्याला नेसव," हिरामण म्हणाला. "गोदू बोलली, जिनं मधली दोन म्हनली तिची हाय."

केसरने ओठ दाबले, पण हसू आवरलं नाही. साडी घेतली, उलगडून काठ पाहिला, पुन्हा घडी घातली आणि मांडीवर ठेवून डब्यासमोरच्या स्टुलावर बसली. हिरामण चहा ठेवायला उठला तेव्हा म्हणाली, "तो माईक कुठं हाय तुमचा?"

"कनाला? काय लावू?"

"लावू नका. भरा. हा आवाज पन ठेवा आत."

तीन वर्षं हिरामणच्या मनात होतं, पण विचारायची त्याची छाती झाली नव्हती. त्याने फडताळातून माईक काढला. घाईत तार उलटी बसली, दुसऱ्यांदा जोडावी लागली. सगळं झाल्यावर, कायदा कायदा असतो म्हणून, त्याने विचारलं, "चावी कोनाकोनाला द्यायची याची?"

"ह्याला चावी नको," केसर म्हणाली. "कोनाला ऐकायचा त्याना ऐकू दे. नाचायचं तं नाचू दे."

तिने घसा खाकरला आणि देवांचा धवला सुरू केला. तिसऱ्या ओळीत श्वास पुरला नाही, आवाज मध्येच तुटला. हिरामणने तिच्याकडे पाहिलं. ती डोळे मिटून श्वास गोळा करत होती. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं नाही, आणि ओळ बायकांनी मागून म्हणायची असते म्हणून, आयुष्यात पहिल्यांदाच, बेसूर आवाजात स्वतः म्हणाला.